लोणा

तायपिंगमध्ये दुपारचा पाऊस
घड्याळापेक्षा भरवशाचा.
तीन वाजून दहा मिनिटांनी मी स्टुडिओच्या पायरीवर छत्री झटकतो
आणि स्वी लियान बाई आतून ओरडतात,
“उशीर केलास, अरुमुगम. भिंत सकाळपासून घामाघूम आहे.”

माझं काम भिंतींचं.
थापी, खरवडणी, भिजवलेल्या चुन्याची दोन पिंपं,
आणि बोटाच्या पेराने ठोकून ऐकायची सवय.
भरीव भिंत बोलत नाही.
पोकळ झालेली लगेच बोलते.

ही तर बडबडलीच.

जिन्याखालून छातीपर्यंत चढलेली काळी बुरशी,
मधेच शेवाळी,
एका जागी खसखस सांडावी तशी.
रंग पापडासारखा फुगलेला.
“दर महिन्याला ब्लीचने पुसते,” बाई म्हणाल्या,
“दर महिन्याला परत येते. भाडेकरूपेक्षा वक्तशीर.”

मग त्यांनी बिस्किटांचे डबे उघडले.
निगेटिव्ह. चाळीस वर्षांची लग्नं.
फिल्मवर बुरशीने बारीक मुळं सोडलेली.
एक नवरी उजेडापुढे धरली:
हातातली फुलं शाबूत, चेहऱ्याच्या जागी जाळं.
“ही मला मासळीबाजारात भेटते.
तिला सांगितलेलं नाही.”

कुठेतरी पाणी मुरतंय, असं लोक संशयाने म्हणतात.
मी ते मोजमाप म्हणून म्हणतो.
इथे ते सिमेंटच्या मागे मुरत होतं,
आणि सिमेंटवर पिस्ता रंग, जलरोधक,
पंधरा वर्षांची हमी.
धाकट्या भावाने, कोक बेंगने,
सिंगापूरहून डबे आणून सुट्टीत स्वतः लावलेला.
हमीची सहा वर्षं उरली आहेत.
कोक बेंग उरला नाही.

मी समजावलं:
जुनी भिंत विटांची, चुन्याची.
जमिनीतलं पाणी पिते, वाऱ्यावर सोडून देते.
एवढी वर्षं अशीच जगली.
तिला रेनकोट घातला गेला,
अंघोळ चालू असताना.

“म्हणजे त्याचं चुकलं?”

मी थापी पुसत राहिलो. आधीच पुसलेली होती.
ओलावा माणसात असला तर कौतुक,
भिंतीत असला तर माझी रोजी.
दोन्ही एकाच घरात निघाले की काय बोलायचं,
हे मला कोणी शिकवलं नाही.

बाई वर गेल्या. वरून म्हणाल्या, “काढ.”

चार दिवस खरवडलं.
खाली वीट निघाली, काळपट लाल, बोट लावलं तर थंडगार.
मधल्या चौकावर डासांसाठी ठोकलेलं प्लास्टिकही काढलं.
आता थांबायचं, म्हटलं. पैसे थांबण्याचे नाहीत.

तिसऱ्या आठवड्यात निरोप आला: लवकर ये,
पांढरी बुरशी आली आहे.

कापसासारखे तंतू, विटेविटेवर.
मी हसलो, त्या चिडल्या.
“लोणा आहे, बाई. आत कोंडलेलं मीठ बाहेर येतंय.”
त्यांनी बोट लावलं, जिभेला लावलं,
मी नको म्हणेपर्यंत लावूनही झालं.
“खारट,” म्हणाल्या,
आणि बराच वेळ बोट तसंच तोंडाशी.

झाडलं. पुन्हा आलं. पुन्हा झाडलं.
पाचव्या खेपेला केरसुणीत फक्त धूळ आली.

“पिस्ताच दे,” त्या म्हणाल्या.
चुन्यात रंग फिकाच उतरतो.
उतरला तो पिस्ता नव्हे,
पिस्त्याची आठवण काढणारं काहीतरी.
त्यांनी मान तिरकी करून पाहिलं, आणि चहा टाकला.

जुन्या रंगाची एक खपली मात्र त्यांनी
राडारोड्यातून उचलून ठेवली होती, तळहाताएवढी,
तिच्यात ब्रशचा एक केस अडकलेला.
ती निगेटिव्हच्या डब्यात ठेवायला निघाल्या
तेव्हा मी हात आडवा घातला.

आधी दोन दिवस पंख्याखाली वाळवा, म्हटलं.
मागून अजून ओली आहे.